मुहूर्तमेढ रोवायच्या आधी थांबवणाऱ्याचं नाव ठरवा

प्रति,
मराठवाड्यातल्या सप्ताह समित्या, यात्रा कमिट्या, जयंती मंडळं, उरूस कमिट्या आणि ज्यांच्या घरी या उन्हाळ्यात लग्न आहे ते सगळे कारभारी,

जय हरी, जय भीम, सलाम, रामराम.

मी मंडपवाला आहे. बीड जिल्ह्यात माझं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे आणि या धंद्यात मला एकोणतीस वर्षं झाली. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या दारात मी खांब रोवलेत, तुमच्या पंगतीला जेवलोय, काहींच्या लेकीच्या लग्नात आणि मग तिच्या लेकीच्या बारशालाही माझाच मंडप होता. त्या नात्यानं हे पत्र लिहितो आहे. चैत्र लागला की माझ्या वहीत तारखा भरायला लागतात आणि आषाढ लागेपर्यंत एक दिवस मोकळा नसतो. याच दिवसांत आपल्याकडं दुपारनंतर आभाळ भरून येतं. तेव्हा तारीख, आचारी, महाराज, बँड हे सगळं ठरवायच्या बैठकीतच आणखी एक गोष्ट ठरली पाहिजे, ती म्हणजे आभाळ फिरलं तर कार्यक्रम कुणी थांबवायचा.

हे मी का म्हणतो ते आधी सांगतो.

सात वर्षांपूर्वी, एप्रिलच्या शेवटी, आमच्या भागातल्या एका गावात अखंड हरिनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. सकाळी काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली आणि बारापासून पंगती सुरू झाल्या. पंचक्रोशीतली चार-साडेचार हजार माणसं जमली असतील. मंडप माझा होता. साठ फूट रुंद, दीडशे फूट लांब, लोखंडी पाईपचा सांगाडा, वर कापडाचं छत. तीन बाजूंनी कनाती बांधल्या होत्या, कारण पानात धूळ उडते म्हणून आचाऱ्यानं तसं सांगितलं होतं. मला ते पटलं नव्हतं, पण मी बांधल्या.

तीनच्या सुमाराला वारा पडला. झाडाचं पान हलेना, अंगाला घाम चिकटायला लागला. बालाघाटाच्या अंगानं आभाळ चढत होतं, बुडाशी शाईसारखं काळं आणि वर फुलकोबीच्या गड्ड्यासारखं पांढरं. माझ्या हाताखालचं पोरगं आलं आणि म्हणालं, "मालक, कनाती सोडू का?" मी म्हटलं, "थांब, विचारतो."

मी समितीच्या अध्यक्षांकडं गेलो. त्यांनी महाराजांकडं पाहिलं. महाराज शेजारच्या घरी विसावा घेत होते, त्यांना उठवायचं कुणी? सरपंच म्हणाले, आचाऱ्याला विचारा. आचारी म्हणाला, बुंदी काढून झालीय, दोन पंगती राहिल्यात. बायकांची पंगत राहिली होती. आपल्याकडं बायका शेवटी जेवतात, त्यामुळं सकाळपासून राबलेल्या बायका आणि त्यांच्या पदराला धरून असलेली लेकरं तेवढ्यात पानावर बसली होती. भरल्या पानावरून कुणाला उठवायचं पाप कोण घेणार? कुणीतरी म्हणालं, "येऊ द्या, आलं तर बघू." आम्ही सगळे आभाळाकडं बघत उभे राहिलो. वीस मिनिटं तरी गेली असतील.

मग गार झुळूक आली. लोकांना बरं वाटलं, कुणी कुणी तोंड वर करून ती अंगावर घेतली. त्या झुळुकीच्या मागोमाग वावधान आलं. मोकळ्या बाजूनं वारा आत शिरला आणि तीन बाजूंच्या कनातींमुळं त्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही. मंडप फुगला, एका बाजूचे खांब जमिनीतून उपसून वर आले आणि खाली बसलेल्या बायकांवर पडले. त्या पोरानं धावत जाऊन जनरेटर बंद केला म्हणून तुटलेल्या वायरनं कुणाला धरलं नाही. एका आजींच्या खुब्यावर पाईप पडला.

पेपरात दोन ओळी आल्या, त्यात "सुदैवाने जीवितहानी नाही" असं होतं. त्या आजी पुन्हा आधाराशिवाय चालल्या नाहीत आणि तीन वर्षांनी गेल्या. त्यांच्या मुलानं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. तो आजही रस्त्यात भेटला की थांबून माझी खुशाली विचारतो.

त्या दिवशी कुणी बेफिकीर नव्हतं, हे मला तुम्हाला सांगायचं आहे. अध्यक्ष चांगला माणूस. आचारी चांगला. मीही काळजीत होतो. वादळ येणार हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला आभाळ बघून कळलं होतं. तरी "उठा" हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही, कारण तो शब्द उच्चारण्याचा अधिकार कुणाला आहे हेच ठरलेलं नव्हतं. ज्याला अधिकार नाही तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतो आणि ती बघाबघी चालू असताना वेळ निघून जाते.

हे आपल्याच खेड्यात होतं असंही नाही. 13 ऑगस्ट 2011 ला अमेरिकेत इंडियाना राज्याच्या जत्रेत गाण्याचा कार्यक्रम होता. तिथं हवामान सांगणारी यंत्रणा होती, पोलीस होते, माइक होता. वादळ येतंय हे माइकवरून सांगितलंही गेलं, पण कार्यक्रम होईल अशी आशाही त्यासोबतच दिली गेली. काही मिनिटांत वाऱ्यानं स्टेजवरचा सांगाडा गर्दीवर कोसळला आणि 7 माणसं गेली. नंतर चौकशी झाली तेव्हा कळीचा दोष हाच निघाला की कार्यक्रम थांबवायचा अधिकार नेमका कुणाचा, हे स्पष्ट नव्हतं. एवढ्या मोठ्या देशातली ती गोष्ट वाचताना मला आमचा तो सप्ताहच आठवत होता.

आपल्या जवळची उदाहरणं तर तुम्हाला माहीत आहेत. 23 जून 2019 ला राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातल्या जसोलला रामकथा चालू असताना वादळात मंडप पडला आणि 14 जण गेले. मंडपात वायरीचा करंट उतरल्यानंही त्यातले काही दगावले. 9 एप्रिल 2023 ला अकोला जिल्ह्यातल्या पारसला मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर वादळात कडुनिंबाचं मोठं झाड पडलं आणि 7 भाविक गेले. पावसापासून वाचायला माणसं त्या पत्र्याखालीच उभी होती. पारस विदर्भात आहे, पण ते शेड आणि तो कडुनिंब आपल्या प्रत्येक गावातल्या देवळापुढं आहे. तुमच्या गावातला डोळ्यांपुढं आणून बघा.

आता मंडपाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. हा माझा विषय आहे आणि यात आमच्या धंद्यातल्या लोकांनी खरं बोलायची वेळ आली आहे. खेड्यापाड्यात आम्ही जे मंडप आणि डोम उभे करतो, त्यातल्या बहुतेकांचा वाऱ्याचा हिशेब कुणा इंजिनिअरनं केलेला नसतो. बापानं जसा खांब रोवला तसा लेक रोवतो. जमीन काळी असेल तर खुंटी उन्हाळ्यात भेगाळलेल्या मातीत बसते आणि वरून पाऊस पडला की लोण्यातल्या सुरीसारखी निघते. मुरमाड माळावर ती दीड फुटाच्या खाली जातच नाही. गिऱ्हाईक भाव पाडतं, मग आम्ही तणाव्याचे दोर कमी करतो. झालर आणि झुंबर मात्र कमी करत नाही, कारण ते फोटोत दिसतं.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. दहा फूट उंच आणि साठ फूट लांब कनातीवर ताशी 50 किलोमीटरचा वारा समोरून आदळला, तर ढोबळ हिशेबानं पावणेसातशे किलोचा रेटा बसतो. तोच वारा 100 ला गेला की रेटा पावणेतीन टनांच्या जवळ जातो. हवामान खातं ज्याला "मेघगर्जनेसह ताशी 50 ते 60 किलोमीटर वेगाने वारे" म्हणतं, तो वारा एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं नवलाचा नाही. त्यामुळं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. दोन-तीन हजारांत हातात धरायचा वारामापक मिळतो, तो मी घेतलाय. मंडपाच्या कोपऱ्यात तो 40 दाखवायला लागला की माझा मंडप रिकामा झाला पाहिजे, मग आत कुणीही बसलेलं असो. त्याच्या कितीतरी आधी कनाती सुटलेल्या असतात. आणि काळं आभाळ चढताना दिसलं तर मापक काय दाखवतो याची मी वाट बघत नाही, कारण पहिली झुळूक आणि पहिला तडाखा यांत कधी कधी दोन मिनिटंही नसतात.

विजेचं गणित निराळं आहे. देशात वीज पडून वर्षाला अडीच हजारांहून जास्त माणसं मरतात आणि त्यात रानात, झाडाखाली, उघड्यावर असलेलीच जास्त. पाऊस सुरू झाल्यावरच वीज पडते असा आपला समज आहे. ढग दहा किलोमीटर लांब असतानाही, डोक्यावर ऊन असताना ती पडू शकते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. 30 मोजायच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्यायचा, मगच पुन्हा उघड्यावर यायचं. मंडप म्हणजे आसरा नव्हे, हे मी मंडपवालाच तुम्हाला सांगतो. लोखंडी पाईप, ओलं कापड आणि वर हॅलोजनची वायर, यांच्याखाली विजेच्या वेळी उभं राहू नका. आसरा म्हणजे शाळेची पक्की इमारत, स्लॅबचं घर किंवा काचा बंद केलेली जीप नाहीतर एसटी. पत्र्याचं उघडं शेड आणि झाड यांना आसरा म्हणू नका.

पण शाळेच्या चार खोल्यांत चार हजार माणसं मावत नाहीत. इथं येऊन मी बरेच दिवस अडकलो होतो. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर 23 माणसं चेंगरून मेली. पावसाची सर आली, भिजू नये म्हणून लोक पुलावर थांबले, मागून गाड्यांतली माणसं येत राहिली. वीज नव्हती, वादळही नव्हतं, नुसती सर होती. म्हणजे ऐनवेळी माइकवरून "पळा" म्हणणं हाही एक धोकाच आहे.

यावर मला एकच तोड दिसते. गर्दी जेवढी मोठी, तेवढा निर्णय आधी घ्यायचा. दोनशे माणसांचा साखरपुडा असेल तर काळे ढग दिसल्यावरही सगळ्यांना दहा मिनिटांत शाळेत नेता येतं. दोन हजारांचं लग्न असेल तर दोन-तीन तास हातात हवेत. दहा हजारांची यात्रा किंवा सभा असेल तर आदल्या संध्याकाळीच ठरलं पाहिजे, कारण लोक एकदा घरून निघाले, ट्रॅक्टर-टेम्पो भरून आले, की त्यांना परत पाठवायला तुमच्याकडं वाट नसते. मग आभाळ येतं आणि सगळे तुमच्या मंडपात असतात.

आदल्या संध्याकाळी कळणार कसं, असं विचाराल. हवामान खातं जिल्हावार इशारा देतं, त्याचे रंग आता सगळ्यांना पाठ आहेत: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. त्याशिवाय पुढच्या तीन तासांचा इशारा वेगळा निघतो, तो दिवसभर बदलत असतो. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं "दामिनी" ॲप आहे. आपल्याभोवती 20 आणि 40 किलोमीटरच्या टापूत वीज पडते आहे का, ते त्यात दिसतं. फुकट आहे. मात्र इशाऱ्यातला एक शब्द आपण कायम चुकीचा वाचतो, तो म्हणजे "तुरळक ठिकाणी". आपल्याला वाटतं, तुरळक म्हणजे थोडासाच पाऊस. त्याचा अर्थ जिल्ह्यातल्या थोड्या गावांत असा आहे. ज्या गावात होईल तिथं तो तुरळक नसतो. केजात गारांचा खच पडतो आणि धारूरला रस्ताही ओला होत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर अजून कुणी विसरलेलं नाही.

माझ्या मतानं लाल इशारा असेल तर मोठा कार्यक्रम पुढं ढकलावा, त्यावर चर्चाही करू नये. नारिंगी असेल तर विधी करा, जमाव करू नका. पिवळा सगळ्यात फसवा. उन्हाळ्यात तो सारखाच येतो, म्हणून कुणी बघत नाही. पिवळ्याच्या दिवशी सगळं दुपारी दोनच्या आत उरका. आपल्याकडं वळवाचा पाऊस सकाळी क्वचितच येतो. सकाळभर जमीन तापते, गरम हवा वर चढते, समुद्राकडून आलेली ओल तिला मिळते आणि तीनपासून रात्री आठपर्यंत ती खाली उतरते. आपली गोरज मुहूर्ताची लग्नं, संध्याकाळच्या वराती, हरिपाठ, मिरवणुका नेमक्या त्याच वेळात बसतात.

मग भर दुपारी घ्या, असंही म्हणता येत नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर पुरस्काराच्या सोहळ्याला लाखोंची गर्दी उन्हात बसली होती. तापमान चाळिशीच्याही खाली, 38 च्या आसपास होतं. उष्माघातानं 14 माणसं गेली. आपल्या परभणीत, नांदेडात मे महिन्यात 42-43 म्हणजे रोजचं. डोक्यावर छत नसलेल्या मैदानात अकरा वाजता बसवलेली म्हातारी माणसं आणि तीन वाजेपर्यंत न आलेले पाहुणे, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कार्यक्रमाची पत्रिका हातात आली की मी आधी वेळ बघतो. वळीव संध्याकाळ घेतो, ऊन दुपार घेतं. उरते सकाळ. मोठ्या गर्दीचं जे काही असेल ते एप्रिल-मे महिन्यात सकाळी सातला सुरू करून दहा-साडेदहाला संपवा. कीर्तनाला पहाटेची काकड आरती चालते, मग लग्नाला सकाळचा मुहूर्त का चालू नये? पंचांगात तो असतो, आपण मागत नाही.

आता मुद्दा पैशाचा आणि मानाचा. खरं तर निर्णय तिथंच अडतो. मुलीच्या बापानं वर्षभर आधी इसार दिलेला असतो. दोन हजार माणसांचं जेवण शिजलेलं असतं. कार्यक्रम मोडला तर अपशकुन झाला म्हणतील, पाहुणे नाव ठेवतील, व्याही रुसतील. हे सगळं मला कळतं, मीही दोन लेकींची लग्नं केली आहेत. म्हणून माझ्याकडून एक गोष्ट मी लिहून देतो. जिल्ह्याला लाल किंवा नारिंगी इशारा असेल आणि तुम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मला कळवलं, तर इसाराचा एक पैसा बुडणार नाही. पुढची मोकळी तारीख तुमची. मजुरांचा आणि गाडीचा झालेला खर्च तेवढा द्या. बाकीच्या मंडपवाल्या भावांनाही माझी विनंती आहे, हे कलम पावतीवर छापून घ्या. गिऱ्हाईक आपल्या पैशाच्या भीतीनं माणसं मंडपात बसवून ठेवत असेल, तर त्या भीतीत आपलाही वाटा आहे.

जेवण वाया जात नाही. वसतिगृहं आहेत, शाळा आहेत, शेजारची गावं आहेत, डबे भरून घरोघर देता येतं. सप्ताहाचा प्रसाद घरी पोचवला तर तो प्रसादच राहतो. लग्नाचं म्हणाल तर मुहूर्त आणि गर्दी या दोन गोष्टी वेगळ्या करा. मुहूर्तावर मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात किंवा घरातल्या माजघरात तीस माणसांत अक्षता टाका, पंगत चार दिवसांनी घाला. हे आपण करून दाखवलेलं आहे. 2020 साली पैठणहून नाथांच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या. वारीइतकी मोठी गोष्ट त्या वर्षी आपण बदलली. त्यापुढं एका लग्नाची पंगत काय मोठी?

आणि एक अवघड गोष्ट. तुम्ही थांबवाल आणि पाऊस येणारच नाही, असंही होणार. माझ्यावर ती वेळ आली आहे. दोन वर्षांपूर्वी एका जयंती मंडळाला मी मिरवणूक संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या म्हणून गळ घातली. त्यांनी ऐकलं. त्या संध्याकाळी टिपूस पडला नाही, चांदणं पडलं. पोरांनी मला महिनाभर ऐकवलं. अध्यक्ष तरणाबांड मुलगा, त्याला घरच्यांनीही टोचून घेतलं. पुढच्या वर्षी तो स्वतः फोन करून म्हणाला, "काका, यंदा पण तुम्ही बघून सांगा." त्या पोराचं मला फार कौतुक वाटतं. ज्याच्यावर ही जबाबदारी टाकाल, त्याच्या मागं उभं राहण्याचा ठराव आधीच करून ठेवा. त्यानं थांबवलं आणि ऊन पडलं, तरी त्याला कुणी बोलायचं नाही, असं बैठकीच्या वहीत लिहा. नाहीतर पुढच्या वेळी तोही दुसऱ्याच्या तोंडाकडं बघेल.

तो माणूस कसा निवडायचा? यजमान नको, त्याचा जीव कार्यक्रमात अडकलेला असतो. महाराज किंवा पुढारी नको, त्यांना उठवायला कुणी धजत नाही. देणगीदार नको. मंडपवालाही नको, कारण पैसे त्याच्याच हातात पडायचे असतात. गावातला एखादा निवृत्त मास्तर, एखादी अंगणवाडीताई, आशाताई, फौजेतून परत आलेला एखादा जवान, असं कुणीतरी की ज्याला त्या दिवशी वाढायचं नाही, मिरवायचं नाही, नुसतं आभाळाकडं आणि मोबाईलकडं बघायचं आहे. त्याच्या हातात माइक द्या. त्यानं "थांबा" म्हटलं की महाराजांनीही अभंग अर्ध्यावर सोडायचा, आणि हे महाराजांना आमंत्रण देतानाच सांगायचं. मी तीन कीर्तनकारांशी बोललो. तिघंही म्हणाले की आम्हाला कुणी असं विचारलंच नव्हतं, विचारलं असतं तर हो म्हटलं असतं.

पावसाळ्याचं थोडक्यात. सप्टेंबर 2025 मध्ये ऐन नवरात्रात मराठवाड्यातल्या नद्या पात्र सोडून वाहिल्या, ते ताजं आहे. जायकवाडीचे किंवा विष्णुपुरीचे दरवाजे उघडले असताना गोदेच्या घाटावर विसर्जनाला उतरायचं की नाही, यात मंडळाला मतच नसावं. तिथं प्रशासन नाही म्हणालं की नाही. घरच्या हौदात बुडवलेली मूर्ती बाप्पाला पोचते.

शेवटी तहसीलदार साहेब, पोलीस निरीक्षक साहेब आणि जिल्हाधिकारी यांनाही दोन शब्द. परवानगीच्या अर्जात तुम्ही आवाज किती आणि रात्री दहाला बंद का, हे विचारता. त्याच अर्जात आणखी तीन रकाने टाका: थांबवणाऱ्याचं नाव आणि नंबर, आसऱ्याची पक्की जागा कोणती, मंडपाचा भार आणि वारा कुणी तपासला. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आहेत, अधिकार तुमच्याकडं आहेतच. त्या दिवशीचा तीन तासांचा इशारा त्या नंबरवर थेट गेला आणि यात्रेच्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेची किल्ली गावातच राहिली, तर निम्मं काम होईल. शाळेला कुलूप आणि किल्ली तालुक्याला, असं मी अनेक यात्रांत पाहिलंय. नियंत्रण कक्षाचा 1077 हा नंबर आम्ही मंडपाच्या प्रत्येक दर्शनी खांबावर लावू, तेवढं आमच्याकडं लागलं.

माझ्या वहीत या हंगामाच्या एकतीस तारखा आहेत. या वर्षीपासून इसार घेताना मी दोन नावं लिहून घेतो आहे, एक यजमानाचं आणि एक थांबवणाऱ्याचं. आतापर्यंत एकोणीस जणांनी दुसरं नाव दिलं. बारा रकाने रिकामे आहेत. त्यातला एक सप्ताह त्याच गावाचा आहे, आणि त्यांची बैठक येत्या एकादशीला देवळात आहे. त्या आजींच्या मुलाला मी विचारलं, हे काम तुम्ही कराल का. तो म्हणाला, "बैठकीत बोलवा, येतो."

आपला,
एक मंडपवाला
जिल्हा बीड